दिवा गल्लीतला, बटण भोपाळात

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या गल्लीत वळणावर एक खांब आहे. दिवाळीनंतर त्यावरचा दिवा गेला. आता ही काही बातमी नव्हे. पण त्याच वळणावर नालीचं झाकण अर्धं सरकलेलं असतं, आणि समोरच्या काकूंना मोतीबिंदू. त्यामुळे चार दिवसांत तो गल्लीचा प्रश्न झाला. मी म्हटलं, पार्षदांच्या कानावर घालू. (नगरसेवकाला इंदूरची मराठी माणसं पार्षदच म्हणतात, पुण्याचे पाहुणे हसतात, हसू देत.) तर काकूंचा बारावीतला नातू माझ्याकडे कीव आल्यासारखा पाहत म्हणाला, "काका, पार्षदाला काय सांगता? एकशे एक्याऐंशी लावा."

१८१ म्हणजे सीएम हेल्पलाइन. तक्रारीची नोंद भोपाळात होते, तिला नंबर मिळतो. मग ती आधी खालच्या अधिकाऱ्याकडे जाते, मुदतीत निकाली निघाली नाही तर त्याच्या वरच्याकडे, अशा चार पायऱ्या चढत जाते. आमची पहिल्याच पायरीवर निकाली निघाली असावी. आठवड्याच्या आत शिडी घेऊन दोघं आले, दिवा लागला. पाठोपाठ काकूंना फोन आला, समाधान झालं का म्हणून. काकू दिवसभर ज्याला त्याला सांगत होत्या, "थेट मुख्यमंत्र्यांकडून विचारणा झाली हो!"

काकूंचा आनंद मला कळतो, पण त्यात सहभागी होता येत नाही. आठ कोटींहून अधिक वस्तीच्या राज्यात एका गल्लीतला दिवा लावायला मुख्यमंत्र्यांचं नाव घ्यावं लागतं, याला लोक सुशासन म्हणतात. मला ते दुखण्याचं लक्षण वाटतं. आणि दुखणं एखाद्या अधिकाऱ्याचं वा पक्षाचं नाही, घराच्या बांधणीचं आहे. आपण संसदीय लोकशाहीचे दोन मजले नीट बांधले, आणि माणसं जिथे प्रत्यक्ष राहतात तो तळमजला दरबारी काळातलाच ठेवला.

दरबारी हा शब्द उगाच वापरलेला नाही. आमच्या घरात आजोबांची एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात नेमणुकीचे, बदलीचे, पेन्शनचे कागद, आणि त्यांच्या डोक्यावर छापलेली सरकारं बदलत जातात. आधी होळकर सरकार, मग मध्य भारत शासन, मग मध्य प्रदेश शासन. आजोबांनी घर एकदाही बदललं नाही. सरकारच त्यांच्या अंगावरून दोनदा निघून गेलं.

मे १९४८ मध्ये २५ संस्थानं मिळून मध्य भारत झाला. शिंदे राजप्रमुख, होळकर उपराजप्रमुख. राजधानीवरून ग्वाल्हेर आणि इंदूरचं जमेना, तेव्हा तोडगा निघाला: हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. आमच्या घरी त्या काळाची आठवण म्हणजे फायलींचे गठ्ठे बांधण्याची सुतळी. आजी म्हणायची, राज्य कुठलं, ती तर वारी होती, फक्त पांडुरंग कुठे आहे ते कुणाला ठाऊक नव्हतं. मग १ नोव्हेंबर १९५६ आला. मध्य भारत, विंध्य प्रदेश, भोपाळ आणि जुन्या मध्य प्रदेशातले महाकोशलचे हिंदी जिल्हे एकत्र झाले. राजस्थानातलं सिरोंज इकडे आलं, मंदसौरकडचा सुनेल टप्पा तिकडे गेला. राजधानी ना इंदूरला, ना ग्वाल्हेरला, ना जबलपूरला. ती मिळाली भोपाळला.

रुसलेल्या शहरांची समजूत मग कशी घातली गेली? लग्नघरात मानपान करतात तशी. जबलपूरला उच्च न्यायालय, ग्वाल्हेरला महालेखाकार आणि महसूल मंडळ, इंदूरला लोकसेवा आयोग, आणि इंदूर-ग्वाल्हेर दोघांनाही उच्च न्यायालयाची खंडपीठं. कचेऱ्या वाटल्या गेल्या, अधिकार वाटले गेले नाहीत. पाटी इंदुरात लागली म्हणून इंदूरकराच्या हाती काही आलं नाही. त्या कचेरीच्या खुर्चीवर कोण बसायचं ते भोपाळातच ठरत राहिलं. आपल्याकडे 'विकेंद्रीकरण' म्हटलं की अजूनही हेच चित्र डोळ्यांपुढे येतं: एखादी इमारत इकडे, एखादी तिकडे.

नागपूरचे आमचे नातेवाईक आले की गप्पा हमखास वेगळ्या विदर्भावर जातात, आणि मग इथलं कोणीतरी म्हणतं, माळव्याचं वेगळं राज्य व्हावं. राज्य लहान झालं की सरकार जवळ येतं, हा त्यातला युक्तिवाद. तो अगदीच पोकळ नाही. आमच्यापासून अवघ्या पंचवीसेक किलोमीटरवर, महूत जन्मलेल्या बाबासाहेब आंबेडकरांनी १९५५ मध्येच उत्तर प्रदेशाचे तीन, बिहार आणि मध्य प्रदेशाचे प्रत्येकी दोन भाग करावेत असं सुचवलं होतं. एका राज्यात भाषा एक असावी, पण एका भाषेचं राज्य एकच असलं पाहिजे असं नाही, हे त्यांचं म्हणणं. २००० साली तीन राज्यं जन्मली तेव्हा बिहार आणि मध्य प्रदेश खरोखरच दुभंगले. आमच्या विधानसभेच्या ३२० जागांतल्या ९० छत्तीसगडला गेल्या, इथे २३० उरल्या. रायपूरच्या माणसाला भोपाळचं लांबचं हेलपाट्याचं काम उरलं नाही, हे नक्कीच बरं झालं.

पण रायपूरच्या गल्लीतल्या दिव्याचं काय? तिथेही तोच कलेक्टर, तोच आयुक्त, तीच बदलीची यादी, फक्त यादीवर सही करणारं गाव जवळ आलं. सरकार जवळ येणं आणि सरकार आपल्याला उत्तर देणं या दोन गोष्टी आपण एकच समजतो. राज्याच्या सीमा तर आपल्या घटनेने कधी पवित्र मानल्याच नाहीत. तिसऱ्या कलमाप्रमाणे संसद साध्या कायद्याने, साध्या बहुमताने राज्य तोडू शकते, जोडू शकते, नाव बदलू शकते. संबंधित विधानसभेचं मत विचारावं लागतं, मानावं लागत नाही. २०१४ मध्ये आंध्रच्या विधानसभेने विभाजनाचं विधेयक फेटाळलं आणि तरीही तेलंगण झालं. म्हणजे राज्य हीसुद्धा एका अर्थी वरून आखलेली रेघ. ती रेघ इकडची तिकडे करण्यात पिढ्यानपिढ्यांची शक्ती घालवायची, आणि रेघेच्या आत आपल्याला उत्तर कोण देतो हे विचारायचंच नाही, हा माझ्या मते चुकलेला हिशेब आहे.

संसदीय पद्धतीचा प्राण मतदानात नाही. मतदान सगळीकडेच असतं. तिचा प्राण असा की, ज्याच्या हाती काम आहे त्याला निवडून आलेल्या सभागृहासमोर रोज उभं राहावं लागतं. तो प्रश्नाला उत्तर देतो, पैशाची मंजुरी मागतो, आणि विश्वास गेला की घरी जातो. जुन्या संस्थानी काळात प्रजामंडळं हेच मागत होती, आणि तेव्हा त्याला शब्द होता 'जबाबदार राज्यपद्धती'. ती दिल्लीत आली. भोपाळातही आली. इंदूरच्या हद्दीत मात्र अजून यायची आहे.

इंदूर नगर निगममध्ये ८५ वॉर्ड, ८५ पार्षद. महापौर थेट जनतेतून. पार्षदांतून महापौर आपली 'महापौर परिषद' निवडतात, छोटं मंत्रिमंडळच म्हणा. ऐकायला छान. पण गाडी चालवणारा आयुक्त असतो, आणि त्याला पाठवतं भोपाळ, परत बोलावतं भोपाळ. म्हणजे मंत्रिमंडळ आहे, पण मुख्य सचिव शेजारच्या गावाने नेमलेला. उलट, महापौर थेट निवडून आलेले असल्यामुळे सभागृहात बहुमत गेलं म्हणून पद गेलं असं त्यांच्याबाबतीत होत नाही. म्हणजे मुख्यमंत्र्याला जी भीती आहे ती महापौराला नाही, आणि मुख्यमंत्र्याच्या हाती जी सत्ता आहे तीही महापौराच्या हाती नाही. पंतप्रधानांना खासदार निवडतात, मुख्यमंत्र्यांना आमदार निवडतात, आणि एकट्या महापौरासाठी आपण अमेरिकेच्या अध्यक्षाचा साचा आणला, तोही अर्धाच.

बरं, हा साचा तरी कायम आहे का? २००० सालापासून इंदूरचा महापौर थेट निवडला जाऊ लागला. २०१९ मध्ये काँग्रेसच्या सरकारने नियम फिरवला, महापौर पार्षदांनी निवडावा असं ठरवलं. २०२२ मध्ये भाजपच्या सरकारने निगमांपुरता तो पुन्हा उलटा फिरवला. दोन्ही पद्धतींच्या बाजूने बोलता येतं. माझा कल पार्षदांनी निवडावा याकडे आहे, कारण ज्याला सभागृह निवडतं त्याला सभागृह काढूही शकतं. पण मुद्दा तो नाहीच. इंदूरचा महापौर कसा निवडायचा हे भोपाळातली त्या त्या वेळची सोय ठरवते, आणि इंदूरला कोणी विचारत नाही. मुख्यमंत्री कसा निवडायचा हे दिल्लीने दर तीन वर्षांनी बदललं असतं तर काय गदारोळ झाला असता!

याहून गंभीर गोष्ट आमच्या शहराने पाहिली आणि विसरूनही गेलं. आधीच्या पार्षदांची मुदत २०२० च्या सुरुवातीला संपली. नवे निवडून आले जुलै २०२२ मध्ये. मधली जवळजवळ अडीच वर्षं प्रशासक. आणि ती कोणती वर्षं होती? कोरोनाची. ऑक्सिजनसाठी रांगा लागल्या, गल्ल्या बांबू बांधून बंद केल्या, तेव्हा या शहरात निगमचं निवडून आलेलं सभागृहच नव्हतं. घटनेचं कलम २४३ यू सांगतं की मुदत पाच वर्षं, त्याहून अधिक नाही, आणि पुढची निवडणूक मुदत संपायच्या आत. शेवटी मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला कान पकडावा लागला तेव्हा निवडणुका लागल्या. मुंबईकरांनी हसू नये. त्यांच्या महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे जवळजवळ चार वर्षं तिथेही प्रशासकच होता. विधानसभेशिवाय राज्य इतकी वर्षं चालवलं तर त्याला आणीबाणी म्हणतील. शहराच्या बाबतीत त्याला 'तांत्रिक कारण' म्हणतात.

घटना लिहिली गेली तेव्हाच इथे भोक राहिलं. ज्यांच्या नावाचं बस स्थानक आहे ते आमचे तात्या सरवटे मध्य भारताकडून घटना समितीत होते, महूचे बाबासाहेब तर मसुदा समितीचे अध्यक्षच. तरी मूळ घटनेत ४० व्या कलमात ग्रामपंचायतींचा उल्लेख, तोही निव्वळ मार्गदर्शक तत्त्व म्हणून. शहरांच्या कारभाराला स्वतंत्र प्रकरण नाहीच. ते यायला १९९३ उजाडलं. ७४ व्या दुरुस्तीने बाराव्या परिशिष्टात शहरांसाठी १८ विषय दिले: पाणी, रस्ते, नगररचना, दिवाबत्तीसुद्धा. पण दिले म्हणजे काय? राज्याची विधानसभा हे अधिकार 'देऊ शकेल' असं लिहिलं. द्यावेच लागतील असं नाही. एका क्रियापदाने सगळं मोकळं सोडलं.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते महूला जाऊन पाहावं. आता त्याचं अधिकृत नाव डॉ. आंबेडकर नगर. जिल्हा इंदूर, पण लोकसभेला मतदान धारच्या खासदारासाठी. गाव छावणीचं, म्हणून तिथली नालीसफाई कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे, आणि ते बोर्ड दिल्लीच्या संरक्षण मंत्रालयाच्या हाताखाली. आमदार भोपाळात बसणार, कलेक्टर इंदुरात. एका चहाच्या टपरीवर बसून मी तिथल्या एका ओळखीच्या मास्तरांना विचारलं, रस्त्यावर खड्डा पडला तर कुठे जाता? ते म्हणाले, "आधी खड्डा कोणत्या हद्दीत पडलाय ते मोजतो."

इंदुरातही फार वेगळं नाही. निगम आहे, शिवाय कॉलन्या पाडायला विकास प्राधिकरण, मेट्रोला केंद्र-राज्याची संयुक्त कंपनी, पोलिसांना २०२१ पासून पोलीस आयुक्त, आणि जिल्ह्याला प्रभारी मंत्री. तुमच्याकडे महाराष्ट्रात त्यांना पालकमंत्री म्हणतात, जणू जिल्हा अजून अज्ञान आहे. २०२४ पासून इंदूरचा प्रभार खुद्द मुख्यमंत्र्यांनी आपल्याकडे ठेवला आहे. इंदूरकरांना त्यात मान वाटला. निरंजनपूरपासून राजीव गांधी चौकापर्यंतची साडेअकरा किलोमीटरची बीआरटीएस घ्या. रस्त्याच्या मधोमध बससाठी वेगळी पट्टी ठेवावी की नाही, याहून अधिक गावपातळीचा प्रश्न कोणता असेल? ती काढायची घोषणा मुख्यमंत्र्यांनी केली, आणि २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने काढायला परवानगी दिली. काढावी की नाही यावर घरोघरी दोन मतं होती, माझ्या घरात तर तीन. निवडून दिलेल्या ८५ जणांचं मत काय होतं, कुणाला आठवतंय?

आता यावर जे उत्तर येतं ते मला पाठ आहे, कारण माझा धाकटा भाऊ ते दर रविवारी पोहे-जिलबीबरोबर ऐकवतो. पार्षदांच्या हाती कारभार दिला तर शहर विकून खातील. इंदूर लागोपाठ देशात पहिलं आलं ते कडक अधिकाऱ्यांमुळे. नवी मुंबईत २०१६ मध्ये सभागृहाने आयुक्तांविरुद्ध प्रचंड बहुमताने अविश्वास ठराव केला, तेव्हा तिथल्या लोकांच्या टाळ्या आयुक्तांसाठी होत्या. खरं सांगायचं तर मीही वाजवल्या असत्या. सरकारने तो ठराव बाजूला ठेवला आणि आयुक्तांची बदली पुढच्या वर्षी, सरकारला वाटलं तेव्हा केली. त्यात आपण एक गोष्ट पाहिलीच नाही: ठेवणाराही तोच, हलवणाराही तोच. चांगल्या अधिकाऱ्याला लोकांनी वाचवलं नव्हतं, आणि हलवताना लोकांना विचारलंही नव्हतं.

इंदूरच्या सफाईत अधिकाऱ्यांचा वाटा मोठा आहे, त्यात वाद नाही. पण ओला-सुका कचरा वेगळा करायची सवय घराघरांत लावायला पार्षदही फिरले, आणि पहाटे झाडू मारणाऱ्या बायकांना तर कुठल्या क्रमवारीचं पदक मिळालं नाही. शिवाय हे शहर आधीही एकदा असं हललं होतं. पॅट्रिक गेडिस होळकर दरबारासाठी नगररचनेचा अहवाल करायला आला होता, १९१८ च्या आसपास. असं सांगतात की त्याने दिवाळीची मिरवणूक काढवली आणि जिथली घरं जास्त झाडूनपुसून साफ तिथून ती जाईल असं जाहीर केलं. प्लेगचा उंदीरही म्हणे मिरवणुकीत होता. शहराने घरं साफ केली ती हुकमाने नाही, आपल्या दारावरून मिरवणूक जावी या हौसेने. पण गेडिस गेला, आणि अहवाल दरबाराच्या मर्जीवर राहिला. अहवाल उत्तम होता; तो कोणाच्या मालकीचा, एवढाच प्रश्न होता.

पार्षद भ्रष्ट असतात या आक्षेपाला मी हसून टाळणार नाही. आंबेडकरांनीही नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीत गावगाड्याबद्दल जे म्हटलं ते याच भीतीपोटी: स्थानिक सत्ता म्हणजे स्थानिक दांडग्यांची सत्ता. पण १९९३ नंतर अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा, महिलांना किमान तिसरा हिस्सा, मध्य प्रदेशात तर निम्म्या जागा असं झालं. विधानसभेत महिलांना अजून जे नाही ते वॉर्डात आहे. बायकोच्या जागी कारभार करणारा 'पार्षदपती' नावाचा प्राणीही आहे, हे मान्य. आणि माणसं भ्रष्ट असतात म्हणून सभागृहाचे अधिकार काढायचे तर आधी कुलूप विधानसभांना लावावं लागेल. गोणीभर पैशांच्या गोष्टी तिकडच्याच जास्त ऐकू येतात. ज्याच्या हाती काही नाही तो पार्षद ठेकेदाराच्या मागे फिरतो, कारण त्याचं दुसरं कामच उरलेलं नसतं.

पैशाचंही पाहा. १९७६ मध्ये या राज्याने चुंगी, म्हणजे आपली जकात, बंद केली. व्यापाऱ्यांची नाक्यावरची कटकट गेली हे छान झालं. पण शहराची स्वतःची कमाई गेली आणि बदल्यात आली क्षतिपूर्तीची रक्कम, भोपाळहून येणारी. तेव्हापासून निगम म्हणजे घरखर्चाला पैसे मागणारा मुलगा. आणि हाच मुलगा २०२३ मध्ये थेट बाजारात गेला. जलूदला सौर प्रकल्प उभारून नर्मदेचं पाणी शहरापर्यंत चढवण्याची वीज वाचवायची, म्हणून निगमने हरित रोखे काढले, २४४ कोटींचे, आणि सामान्य गुंतवणूकदारांनीसुद्धा ते घेतले. अनोळखी माणसं ज्या निगमवर पैशाचा विश्वास टाकतात, तिला आपला आयुक्त निवडण्याइतकी अक्कल नाही, असं म्हणणं मला विचित्र वाटतं.

या राज्याने एकदा वेगळा प्रयोग केलाही होता. १९९९ मध्ये 'जिल्हा सरकार' आलं: जिल्हा नियोजन समितीला काही खरे अधिकार मिळाले, पण अध्यक्षपदी बसवला राज्याचा प्रभारी मंत्री. पुढे सरकार बदललं आणि ते गुंडाळलं गेलं. ते फसलं म्हणून विकेंद्रीकरण फसलं असं लोक म्हणतात. मी म्हणतो, ते झालंच नव्हतं. मंत्री जिल्ह्यात येऊन बसला, एवढंच.

मला हवं आहे ते फार क्रांतिकारक नाही. महापौर सभागृहाने निवडावा आणि सभागृहाला काढता यावा. आयुक्तांच्या नेमणुकीला सभागृहाची संमती लागावी आणि त्यांच्या कामाचा गोपनीय अहवाल महापौरांनी लिहावा. महिन्याला एक दिवस प्रश्नोत्तराचा असावा, ज्यात पार्षदाने विचारलेल्या दिव्याचं उत्तर रेकॉर्डवर यावं. आणि घटनेतलं ते 'देऊ शकेल' बदलून 'देईल' करावं. हे शेवटचं संसदेचं काम आहे, आणि संसद ते आपणहून करणार नाही. आमदारांना वॉर्डातले रस्ते आपल्या नावाने उद्घाटित करायला आवडतात, आणि ते खासदारांचे कार्यकर्ते आहेत.

पुढच्या निवडणुका २०२७ मध्ये यायच्या आहेत. उमेदवार ओटल्यावर येऊन बसतील, कोणत्याही पक्षाचा असो, काकू त्याला चहा देतील. मी एकच विचारणार आहे, की आयुक्तांना सभागृहात प्रश्न विचारून उत्तर मिळवता येईल असं तुम्ही काही करणार का? काकूंचा प्रश्न तयार आहे, त्या माझ्यासारख्या थांबायच्या नाहीत. खांबाच्या पुढचा दुसरा दिवाही परवापासून मिचमिचतोय, आणि नातवाने फोन हातात घेतलाच आहे.